दिग्दर्शनाचे मानकरी

राष्ट्रीय चित्रपट पारितोषिकांची जुनी यादी समोर घेऊन बसणे हा वरवर पाहता रुक्ष उद्योग आहे. नावे, वर्षे, भाषा. त्यापलीकडे तीत काय असावयाचे? परंतु कलकत्त्यात आयुष्य काढलेल्या मराठी माणसाने (शहराचे नाव २००१ पासून कोलकाता झाले असले तरी आमच्या तोंडी जुनेच बसले आहे) दिग्दर्शनाच्या पारितोषिकाची यादी वाचू लागावे, म्हणजे त्याच्या मनाची मोठी चमत्कारिक अवस्था होते. ज्या शहराचे अन्न आपण खातो त्याचे नाव तीत ओळीने येत राहते आणि ऊर भरून येतो. ज्या भाषेत आपण लहानाचे मोठे झालो तिचे नाव शोधता शोधता मात्र तब्बल ४५ वर्षे मागे पडतात. ह्या दोन अनुभवांचा एकमेकांशी काही संबंध आहे काय, हे पाहावे असे आमच्या मनात फार दिवसांपासून होते.

आरंभीच एक खुलासा केलेला बरा. ही पारितोषिके १९५३ सालच्या चित्रपटांपासून सुरू झाली आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले, ही गोष्ट मराठी वाचकास पाठ आहे. पण ते पदक चित्रपटास होते. दिग्दर्शन म्हणून काही वेगळे मोजावे व त्यास वेगळा मान द्यावा, ही कल्पना १९६७ सालच्या चित्रपटांपासून अमलात आली. (ह्या लेखातील पारितोषिकांची वर्षे यादीतील चित्रपटांची समजावीत, समारंभ त्यानंतर होतो.) त्यामुळे ‘पथेर पांचाली’, ‘अपूर संसार’ आणि ‘चारुलता’ ह्या तिन्ही चित्रपटांनी सुवर्णपदक मिळविले असूनही त्यांचे दिग्दर्शक म्हणून सत्यजित राय ह्यांचे नाव ह्या यादीत नाही. बर्लिनच्या महोत्सवाने मात्र ‘महानगर’साठी १९६४ साली आणि ‘चारुलता’साठी १९६५ साली, असे लागोपाठ दोनदा त्यांना दिग्दर्शनाचे पारितोषिक दिले होते. आपल्या घरी तोवर वजन करावयाचा काटाच नव्हता.

काटा आला आणि त्याच्या पारड्यात पहिला पडला तो ‘चिडियाखाना’. रायबाबूंच्या निस्सीम भक्तासही येथे क्षणभर थांबावे लागते. हा चित्रपट मुळात त्यांच्या साहाय्यकांनी करावयाचा होता, पुढे तो त्यांच्या गळ्यात पडला, आणि त्याविषयी स्वतः ते कधीच समाधानी नव्हते. व्योमकेश बक्षी ह्या सत्यान्वेष्याच्या भूमिकेत उत्तमकुमार आहेत (उत्कृष्ट नटाचा पहिला मानही त्यांना त्याच वर्षी ह्या आणि ‘अँटनी फिरिंगी’ ह्या चित्रपटांसाठी मिळाला), सुरुवातीचे प्रसंग गमतीचे आहेत. पण रहस्य उलगडू लागते तसतशी पात्रे एकामागून एक बोलत सुटतात आणि प्रतिमा नुसती ऐकत उभी राहते. ‘चारुलता’च्या कर्त्याचे हे काम नव्हे. परीक्षकांनी वास्तविक पारितोषिक माणसाला दिले आणि त्याची पावती त्या वर्षीच्या चित्रपटाच्या नावाने फाडली, असे म्हणावे लागते. ह्यात मराठी वाचकास सुखावणारी एक गोष्ट आहे. व्योमकेशाचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय चित्रपटांच्या निमित्ताने १९३८ साली मुंबईस गेले आणि १९५२ नंतर पुण्यात स्थायिक झाले. शिवकालीन महाराष्ट्रातील सदाशिव नावाच्या पोराच्या कथा त्यांनी बंगाली मुलांसाठी लिहिल्या आहेत. दिग्दर्शनाचे पहिले राष्ट्रीय पारितोषिक ज्या कथेवरील चित्रपटास मिळाले तिचा लेखक त्या वेळी पुणेकर होता!

पहिली चार वर्षे हा मान कलकत्त्याबाहेर गेलाच नाही. १९६८ साली ‘गुपी गाइन बाघा बाइन’साठी पुन्हा राय, १९६९ साली ‘भुवन शोम’साठी मृणाल सेन, १९७० साली ‘प्रतिद्वंद्वी’साठी पुन्हा राय. पुढे ‘सोनार केल्ला’ (१९७४), ‘जन अरण्य’ (१९७५) आणि अगदी अखेरीस ‘आगंतुक’ (१९९१) धरून रायबाबूंचे नाव सहा वेळा येते. ह्या सहांतून दिग्दर्शन म्हणजे काय हे आम्हांस दोहोंनी शिकविले, ‘प्रतिद्वंद्वी’ने आणि ‘जन अरण्य’ने. दोन्ही गाजलेल्या बंगाली कादंबऱ्यांवर उभे आहेत, एक सुनील गंगोपाध्यायांच्या आणि दुसरा शंकर ह्यांच्या. म्हणजे साहित्याचा आधार घेतल्याने चित्रपट दुबळा होतो, ही सबब येथे चालत नाही. ‘प्रतिद्वंद्वी’चा आरंभच पाहावा. सिद्धार्थाचे वडील वारले आहेत. तो सारा प्रसंग उलट्या छायेत, काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे करून दाखविला आहे. एक शब्द नाही, एक हुंदका नाही. मृत्यू असा दोन मिनिटांत पार पडतो आणि मग चित्रपट ज्याला जगावयाचे आहे त्याच्या मागे, नोकरीच्या मुलाखतीला, उन्हाने तापलेल्या रस्त्यावर निघतो. ‘जन अरण्य’च्या शेवटी सोमनाथ मित्राच्या बहिणीला गिऱ्हाइकाच्या खोलीत पोहोचवून घरी येतो आणि काम मिळाले एवढेच सांगतो. वृद्ध वडिलांना हायसे वाटते. त्या समाधानाच्या निःश्वासात जी भयानकता आहे ती कादंबरीत पानभर लिहून साधली नसती. राय तेथे चित्रपट संपवितात, आणि तोही वडिलांना काही कळू न देता.

‘भुवन शोम’ ह्या मालिकेत वेगळा पडतो. भाषा हिंदी, कथा बंगालीतील बनफूल ह्यांची, भूमी सौराष्ट्राची आणि त्यातली खेडवळ गौरी एका मराठी घरातील, सुहासिनी मुळे. हाताखालच्या माणसांना चळचळा कापावयास लावणारा रेल्वेचा करडा अधिकारी पक्ष्यांच्या शिकारीला जातो आणि त्या पोरीपुढे हळूहळू माणसाळतो, इतकीच गोष्ट. पण स्थिर केलेली चित्रे, हलती रेखाचित्रे आणि मध्येच काढलेल्या वाकुल्या ह्यांनी मृणालबाबूंनी तिच्यात जी हवा भरली ती तोवर हिंदी पडद्याने श्वासात घेतली नव्हती. सुहासिनीबाई पुढे ‘जन अरण्य’च्या वेळी रायबाबूंच्या साहाय्यक होत्या. त्यांच्या मातुःश्री विजया मुळे ह्या देशातील फिल्म सोसायट्यांच्या चळवळीच्या आद्य कार्यकर्त्यांपैकी. १९५९ साली ह्या सोसायट्यांचा महासंघ झाला तेव्हा राय अध्यक्ष होते आणि विजयाबाई त्याच्या चिटणिसांत. मराठी माणसास चित्रपट कसा पाहावा हे कळत नव्हते, असे कोणी म्हणू लागल्यास आम्ही ह्या मायलेकींकडे बोट दाखवू.

यादीत जे नाव नाही त्याविषयी बोलल्यावाचून ह्या शहरात राहणाऱ्यास पुढे जाता येत नाही. ‘मेघे ढाका तारा’, ‘कोमल गांधार’, ‘सुवर्णरेखा’ हे ऋत्विक घटकांचे चित्रपट १९६७ पूर्वीचे. ‘तिताश एकटी नदीर नाम’ बांगलादेशात निघालेला. म्हणजे दिग्दर्शनाच्या मानासाठी त्यांचा एकच कथाचित्रपट परीक्षकांपुढे येऊ शकत होता, ‘जुक्ति, तक्को आर गप्पो’. तो १९७४ च्या यादीत आहे. आणि त्याला पारितोषिक कशाचे? उत्कृष्ट कथेचे! ज्या चित्रपटात कथा म्हणण्याजोगी गोष्टच नाही, नीलकंठ बागची नावाचा एक दारुडा विचारवंत (ती भूमिका स्वतः ऋत्विकबाबूंचीच) फाटक्या सोबत्यांनिशी भटकत राहतो, आणि सारा प्राण त्या भटकण्याच्या रीतीत आहे, त्याच्या कथेचा गौरव झाला. दिग्दर्शनाचा मान त्या वर्षी ‘सोनार केल्ला’ला गेला. तोही गोड चित्रपट आहे, आमच्या घरी तो मुलांना पाठ आहे. तरी ह्या न्यायाची गंमत वाटल्यावाचून राहत नाही. १९७६ च्या फेब्रुवारीत ऋत्विकबाबू वारले.

येथून पुण्यास जाण्याचे कारण आहे. १९६५ च्या सुमारास ऋत्विकबाबू काही काळ पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत होते. ही संस्था ‘प्रभात’च्या आवारात उभी राहिली, जेथे दामले-फत्तेलाल आणि शांताराम ह्यांनी मराठी बोलपट घडविला, जेथल्या ‘संत तुकाराम’ची १९३७ साली व्हेनिसने दखल घेतली. मणि कौल त्या दिवसांत त्यांच्यापाशी शिकले. त्यांना १९७३ साली ‘दुविधा’साठी दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले. अडूर गोपालकृष्णन् त्याच संस्थेतून बाहेर पडले आणि १९७२ साली ‘स्वयंवरम्’पासून मानकरी झाले. ‘भुवन शोम’चे छायाचित्रकार के. के. महाजन हेही तेथलेच. प्रभातच्या तळ्याकाठी शिकून मल्याळी आला, पंजाबी आला, राजस्थानच्या वाळवंटातील लोककथा आली. मराठी चित्रपट मात्र भिंतीच्या अलीकडे होता आणि तेथेच राहिला. हा दुरावा कशामुळे, ह्याचे उत्तर आम्ही बरीच वर्षे एका शब्दात देत आलो आहो : शब्द. आमचा चित्रपट नाटकाच्या मांडीवर वाढला, वाक्याला टाळी पडते हे तो तेथे शिकला, आणि जे वाक्यात सांगता येते ते दाखविण्याचे कष्ट त्याने घेतले नाहीत. ‘श्यामची आई’चे सामर्थ्य साने गुरुजींच्या शब्दांत आणि वनमालाबाईंच्या मुखात आहे, कॅमेरा तेथे श्रद्धेने हात जोडून बसला आहे.

ह्या उत्तराची परीक्षा घेण्यास मृणाल सेनांसारखा दिग्दर्शक नाही. १९७९ ते १९८३ अशी सलग पाच वर्षे दिग्दर्शनाचा मान बंगाली माणसाकडे राहिला आणि त्यांतील तीन वेळा तो मृणालबाबूंकडे होता. ‘एक दिन प्रतिदिन’ (१९७९) ज्यांनी पाहिला असेल त्यांना ते उत्तर कलकत्त्यातील जुने घर विसरता येणार नाही : मधले अंगण, भोवती बिऱ्हाडे, वर घरमालक. घरची मिळवती मुलगी चिनू एके संध्याकाळी कामावरून परत येत नाही. रात्र चढत जाते. शेजारी जागे होतात, धाकटी बहीण टेलिफोन शोधते, भाऊ पोलिसांकडे, इस्पितळात, शवागारात जाऊन येतो. आई-बाप जिच्या पगारावर जगतात तिच्याविषयी आपण काय काय गृहीत धरले होते हे त्या काळोखात एकेकाला दिसू लागते. पहाटे टॅक्सी थांबते, चिनू उतरते. आणि तिला कोणी विचारीत नाही. ती कोठे होती हे चित्रपटही सांगत नाही. हे न सांगणे कित्येक प्रेक्षकांना फसवणूक वाटले. आम्हांस स्वतःला पहिल्या खेपेस वाटले. पुढे उमगले की ती कोठे होती हे विचारण्याचा आपला हट्ट हाच चित्रपटाचा विषय आहे. दिग्दर्शकाने आपणांस त्या अंगणातील बिऱ्हाडकरू करून टाकले होते.

पुढच्याच वर्षीच्या ‘आकालेर संधाने’त मराठी वाचकाचा जीव विशेष गुंततो, कारण त्यात स्मिता पाटील आहे. १९४३ च्या दुष्काळावर चित्रपट काढावयास कलकत्त्याहून एक मंडळी खेड्यात उतरते. स्मिता त्यातील नटी, पडद्यावरही नाव स्मिताच. एका प्रसंगी ती सहकाऱ्यांना दुष्काळाची छायाचित्रे दाखविते आणि हा कोणत्या सालचा दुष्काळ ते ओळखा म्हणते. हसत हसत चाललेला तो खेळ हळूहळू बोलण्यापलीकडे जातो, कारण माणसांचे सापळे सगळ्या सालांत सारखेच दिसतात. चित्रीकरणाच्या वेळी, भुकेल्या बायकोने अब्रू देऊन आणलेल्या अन्नावरून नवरा मूल हिसकावतो तो प्रसंग चालू असता, पाहावयास जमलेल्यांतली दुर्गा नावाची गावची बाई किंकाळी फोडते. स्मिताच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटते ते अभिनयाहून निराळे आहे. ज्या दुःखाची आपण नक्कल करीत होतो ते मागे उभे राहून आपल्याकडे पाहत होते, ही ओळख त्यात आहे. तिला त्या क्षणी एकही वाक्य दिलेले नाही.

आता हीच नटी जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’त पाहावी. १९८१ च्या यादीत तो उत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. त्या वर्षीचे दिग्दर्शनाचे पारितोषिक कलकत्त्यातच, अपर्णा सेन ह्यांच्या ‘३६ चौरंगी लेन’ला मिळाले, आणि हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. ‘उंबरठा’ आम्हांस प्रिय आहे. सुलभा महाजन घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षक होते, व्यवस्थेशी झगडते, परत येते तेव्हा घरात तिची जागा उरलेली नसते. शांता निसळ ह्यांच्या कादंबरीवरून तेंडुलकरांनी लिहिलेली पटकथा भक्कम आहे, प्रश्न खरा आहे, स्मिता तर जळत असते. पण बारकाईने पाहिल्यास प्रत्येक महत्त्वाच्या क्षणी कोणीतरी कोणाला काहीतरी समजावून सांगत असते, आणि कॅमेरा बोलणाऱ्याच्या तोंडाशी लगबगीने जातो. पाटीलबाईंचा तोच चेहरा कलकत्त्याने ऐकताना पाहिला, महाराष्ट्राने बोलताना. दिग्दर्शनाचे पारितोषिक एकीकडे गेले आणि दुसरीकडे गेले नाही, त्यामागे दिल्लीचा पक्षपात शोधण्याची आम्हांस गरज वाटत नाही.

मधल्या मानकऱ्यांविषयी थोडक्यात. ‘चोख’चे उत्पलेंदु चक्रवर्ती (१९८२) आवेशाचे दिग्दर्शक, तो आवेश आज थोडा कर्कश वाटतो. मृणालबाबूंचा ‘खंडहर’ (१९८३) मात्र दर वेळी नवा वाटतो. प्रेमेंद्र मित्रांच्या लहानशा कथेतील पडके घर त्यांनी माणसासारखे श्वास घेते केले. तपन सिन्हा ह्यांना ‘एक डॉक्टर की मौत’साठी (१९९०) मान मिळाला तो योग्यच, जरी त्यांची उत्तम कामे आधीची. गौतम घोष, बुद्धदेव दासगुप्ता, ऋतुपर्ण घोष ही नावे त्यानंतर पुन्हा पुन्हा येतात. ऋतुपर्णांविषयी आमचे मत असे की ते बंगालीतील सर्वांत मराठी दिग्दर्शक होत. चार भिंतींतील बोलण्यात त्यांचा जीव रमतो आणि त्या बोलण्याचे सोने करण्याची हातोटी त्यांना होती. ‘उत्सव’ (२०००) ह्याची साक्ष देईल. हे वाक्य लिहिताना आमच्या वरच्या उत्तराला पहिली चीर पडते, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

ह्या पारितोषिकांत दोन वर्षे अशी आली की कलकत्ता आणि महाराष्ट्र एकाच व्यासपीठावर शेजारी उभे राहिले. २००३ साली उत्कृष्ट चित्रपट ‘श्वास’, उत्कृष्ट दिग्दर्शन ‘आबार अरण्ये’साठी गौतम घोष. २०१४ साली उत्कृष्ट चित्रपट ‘कोर्ट’, उत्कृष्ट दिग्दर्शन ‘चतुष्कोण’साठी सृजित मुखर्जी. चित्रपट मराठी चांगला, दिग्दर्शन बंगाली चांगले; जणू स्वयंपाक एकाचा उत्तम आणि हात दुसऱ्याचा.

‘श्वास’ला ‘श्यामची आई’नंतर ५० वर्षांनी हा मान मराठीकडे परत आणता आला ह्याचा आनंद आम्ही येथे मिठाई वाटून केला होता. डोळ्याच्या कर्करोगामुळे दृष्टी जाणार असलेल्या नातवाला आजोबा शस्त्रक्रियेपूर्वी जग दाखवून आणतात. ज्याचा विषयच पाहणे हा आहे असा चित्रपट मराठीत निघाला, हीच एक घटना होती, आणि संदीप सावंत ह्यांनी अश्रूंच्या मोहास अनेक जागी आवर घातला आहे. ‘आबार अरण्ये’त ‘अरण्येर दिनरात्री’तील ती माणसे तीस-पस्तीस वर्षांनी अरण्यात परततात. सौमित्र आणि शर्मिला ह्यांना एकत्र पाहून कोणा बंगाल्याचे काळीज हलणार नाही? परंतु हलविणारे बव्हंशी १९७० सालचे राय आहेत. तरीही त्या वर्षीचा निर्णय वादाचा म्हणून सोडून देता येईल.

२०१४ चा येत नाही, आणि ह्या शहराचे मीठ खाऊनही आम्ही हे लिहितो. ‘चतुष्कोण’ चतुर चित्रपट आहे. चार दिग्दर्शक मिळून एक चित्रपट काढावयास निघतात, त्यांतील दोन भूमिका अपर्णा सेन आणि गौतम घोष ह्या खऱ्याखुऱ्या मानकऱ्यांनीच केल्या आहेत, आणि शेवटी जो झटका बसतो तो नेमका बसतो. पण एकदा बसला की बसला. दुसऱ्यांदा पाहताना हाती फक्त कुलूप-किल्लीची करामत उरते. चैतन्य ताम्हाणे ह्यांचा ‘कोर्ट’ दुसऱ्यांदा पाहताना सुरू होतो. लोकशाहीर नारायण कांबळे ह्यांच्यावरचा खटला चालतो, तारखा पडतात, आणि कॅमेरा दूर एका जागी बसून सारे बघतो, बाकावरच्या पक्षकारासारखा. सुट्टीपूर्वी न्यायालयातले दिवे एकेक करून मालवले जातात, अंधार होतो, आपण उठू लागतो. आणि चित्रपट पुढे जातो, न्यायाधीशाच्या सहलीला. त्याहून आमच्या मनात रुतलेला प्रसंग निराळा आहे. सरकारी वकीलबाई दिवसाचे काम आटोपून गाडीने घरी जातात, स्वयंपाक करतात आणि पुढे एकदा मुलाबाळांसह मराठी नाटकास जातात. नाटक परप्रांतीयांची टिंगल करणारे आहे. वाक्यावाक्याला टाळ्या पडतात. ताम्हाणे त्यावर काही भाष्य करीत नाहीत. टाळ्या वाजविणाऱ्या आपल्या माणसांकडे तितक्याच लांबून, तितक्याच शांतपणे पाहतात. परक्या प्रांतात तीन पिढ्या काढलेल्या, आणि येथे कोणी आपल्याला ‘बर्गी’ म्हणून हिणवील ह्या धास्तीपासून कधीच मुक्त झालेल्या आम्हां मंडळींना त्या टाळ्या कशा ऐकू आल्या असतील, ते सांगावयास नको. मराठी रंगभूमीचा शब्द आणि त्याच्याकडे पाहणारी मराठी दृष्टी एकाच चौकटीत आम्ही तेव्हा प्रथम पाहिली. हे दिग्दर्शन नव्हे तर मग दिग्दर्शन कशास म्हणावयाचे?

तोवर मराठी चित्रपटाच्या दिग्दर्शकास हा मान एकदा मिळाला होता, २०१२ साली, शिवाजी लोटन पाटील ह्यांना ‘धग’साठी. नंतर दोनदा : २०१६ साली राजेश मापुसकर ह्यांना ‘व्हेंटिलेटर’साठी आणि २०२१ साली निखिल महाजन ह्यांना ‘गोदावरी’साठी. तिन्ही चित्रपटांत मृत्यू दाराशी उभा आहे हा योगायोग आम्हांस फार दिवस छळीत होता. ‘धग’मधील कुटुंबाचे पोट स्मशानातील कामावर चालते आणि मुलाला त्यातून सुटावयाचे असते, ‘व्हेंटिलेटर’मध्ये गणपती तोंडावर आले असता घरातील वडीलधारे यंत्राच्या श्वासावर आहेत, ‘गोदावरी’त नाशिकच्या घाटावर भाडी गोळा करणारा निशिकांत ज्या नदीचा तिरस्कार करतो तिच्याच काठी स्वतःच्या मरणाची चाहूल त्याला लागते. ‘श्यामची आई’ही मृत्यूशीच संपते. ‘प्रतिद्वंद्वी’ने जो मृत्यू आरंभीच दोन मिनिटांत उरकला त्याला आमचे दिग्दर्शक शेवटपर्यंत सोडीत नाहीत.

‘धग’चे सामर्थ्य दोन चेहऱ्यांत आहे, उषा जाधव ह्यांच्या आणि त्या पोराच्या, दिग्दर्शकाने त्यांना एकटे सोडण्याचे धैर्य दाखविले, पण विषयाची दाहकता पुन्हा पुन्हा सांगण्याचा मोह त्यांना आवरला नाही.

‘व्हेंटिलेटर’ने मात्र आमचे जुने उत्तर मोडले. तो प्रथम पाहावयास बसलो तेव्हा थोड्या वेळात कंटाळून उठू असे वाटले होते. रुग्णालयाच्या आवारात कामेरकरांचे अख्खे गोत जमते. आत्या, काका, चुलतभाऊ, जावई, गावाकडचे, मुंबईचे, आणि सगळे एकाच वेळी बोलतात. डबे येतात, जुन्या जमिनीची भांडणे निघतात, कोणाला यंत्र काढावेसे वाटते, कोणाला सणापर्यंत थांबावेसे वाटते. हळूहळू ध्यानात आले की आपण ‘एक दिन प्रतिदिन’च पाहत आहो. तेथेही एक घर रात्रभर वाट पाहते; ते बंगाली घर वाट पाहता पाहता मुके होते, आमचे बोलके होते. आणि मापुसकरांनी त्या बोलण्याला आवरले नाही, तर त्याची मांडणी केली : कोणाचे वाक्य कोणाच्या वाक्याखाली बुडावे, केव्हा सगळा गलका एका चेहऱ्यावर येऊन थांबावा, हसू कोठे अर्ध्यावर तुटावे. इतकी माणसे, इतके आवाज, आणि तरी आजारी बापाशी वर्षानुवर्षे न बोललेला मुलगा (जितेंद्र जोशी) त्या गलक्यात एकटा दिसत राहतो. त्या वर्षी संकलनाचे पारितोषिकही ह्याच चित्रपटास मिळाले हे यथायोग्य झाले. शब्द टाकल्यावाचून मराठीत दिग्दर्शन उगवणार नाही, हे आमचे म्हणणे आम्ही येथे मागे घेतो. उत्कृष्ट चित्रपटाचा मानही २०१६ साली मराठीकडेच, ‘कासव’कडे होता, चित्रपट एकीकडचा आणि दिग्दर्शन दुसरीकडचे, ही वाटणी त्या वर्षी झाली नाही.

‘गोदावरी’ अधिक देखणा आहे ह्यात शंका नाही. घाटाच्या पायऱ्या, पावसाळी पाणी, पलंगावर मरणाची वाट पाहत पडलेले विक्रम गोखले ह्यांचे आजोबा, नीना कुळकर्णी ह्यांची घुसमटलेली आई. महाजन ह्यांना थांबता येते, आणि दिग्दर्शक निशिकांत कामत ह्यांच्या स्मृतीस हा चित्रपट वाहिलेला असल्याने त्या थांबण्यात एका खऱ्या दुःखाचे वजन आहे. आमची तक्रार एकच. नदी काय सांगते ते नदीने सांगितल्यावर पुन्हा माणसांनी सांगण्याची जरुरी नव्हती. निशिकांत जेथे नुसता घाटाच्या गल्लीतून, भाड्याची वही काखेत मारून, कोणाकडेही न पाहता चालत राहतो, तेवढे चालणे आम्ही पुन्हा पुन्हा पाहावयास तयार आहो. जितेंद्र जोशी ह्यांची ती चाल पाहताना उन्हातल्या कलकत्त्यातून मुलाखतीला निघालेला सिद्धार्थ आम्हांस आठवला.